मीटरवर सात दिसलं, म्हणून ॲसिड संपलं असं नाही

संध्याकाळी टाकीतलं पाणी तपासलं, पीएच ७. वहीत नोंद झाली, खाली सही झाली, आणि पाणी सोडायचं काम सकाळच्या पाळीवर ठेवलं. सकाळी कुणीतरी सहज म्हणून मीटर बुडवला, तर आकडा ५ च्या जवळ. रात्री कुणी टाकीत ॲसिड ओतलं का? नाही. मीटर बिघडला? बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवून पाहिला, अगदी बरोबर. संध्याकाळी हिरवट दिसणारं पाणी तेवढं वरून तांबूस झालं होतं. कुणाचा हात न लागता ते पुन्हा आम्लधर्मी झालं होतं.

लोखंडाचं काम चालतं तिथे हा प्रकार कधी ना कधी घडतोच. या कोड्याचं उत्तर कळलं की वापरलेल्या ॲसिडचं काय करायचं, हा विषय निम्मा कळतो. पण आधी टाकीत नेमकं असतं काय, ते बघू.

पत्रा, तार, पाइप, नटबोल्ट यांच्यावर गंज असतो किंवा भट्टीतून येताना चढलेली काळी खपली असते. ती काढल्याशिवाय मुलामा बसत नाही की रंग धरत नाही. म्हणून माल ॲसिडच्या टाकीत बुडवतात. याला पिकलिंग म्हणतात. साध्या पोलादाला हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक, स्टेनलेसला नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकचं मिश्रण, बॉयलर आणि हीट एक्स्चेंजरमधला क्षाराचा थर काढायला सल्फॅमिक, सायट्रिक किंवा पुन्हा हायड्रोक्लोरिक. दर फेरीला ॲसिड थोडं खर्च होतं आणि धातू थोडा विरघळतो. एक दिवस असा येतो की माल कितीही वेळ बुडवून ठेवला तरी खपली सुटत नाही. मग टाकी रिकामी करायची आणि नवं ॲसिड भरायचं. जुन्याला म्हणायचं संपलेलं ॲसिड.

हे नाव फसवं आहे. त्यात ॲसिड उरलेलं असतं, तेही कातडी भाजण्याइतकं. शिवाय विरघळलेला धातू असतो, मालावरून उतरलेलं तेल असतं, आणि चांगल्या धातूला ॲसिडने खाऊ नये म्हणून घातलेलं इन्हिबिटरही असतं. हायड्रोक्लोरिकच्या टाकीत लोखंडाचं प्रमाण लिटरला १०० ग्रॅमच्या वर गेलेलं असणं अजिबात नवलाचं नाही. हे सगळं तसंच सोडून दिलं तर सिमेंटचे पाइप पोखरले जातात, मैलापाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात आणि धातू पुढे मातीत, नदीत पोचतो. म्हणून पाणी सोडताना त्याचा पीएच साधारण ६ ते ९ च्या आत असावा, असा नियम बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सापडतो. धातूंच्या मर्यादा त्याहून वेगळ्या आणि बऱ्याच कडक असतात. गोंधळ होतो तो इथेच. पीएचचा नियम सगळ्यांच्या लक्षात राहतो, धातूंचा मागे पडतो.

आकडा दहा पटींनी चालतो

पीएच ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत, ते ती सांगते: ७ म्हणजे मधोमध, त्याखाली ॲसिड, त्यावर अल्कली. तिचं गणित सरळ चालत नाही. पीएच एकाने वाढला म्हणजे आम्लता दहा पटींनी उतरली. पीएच १ आणि पीएच ४ यांच्यात तिप्पट-चौपट नाही, हजार पटींचं अंतर आहे.

याचा टाकीवर काय परिणाम होतो, ते हिशोबाने बघा. १,००० लिटर पाणी आहे, त्यात फक्त हायड्रोक्लोरिक आहे, दुसरं काही नाही, आणि पीएच १ आहे. ते ७ वर आणायला साधारण ४ किलो कॉस्टिक सोडा लागतो. त्यातला ३.६ किलो नुसता १ वरून २ वर यायलाच जातो. २ वरून ३ वर यायला ३६० ग्रॅम. ३ वरून ४ वर, ३६ ग्रॅम. आणि ४ वरून ७ पर्यंतच्या उरलेल्या प्रवासाला जेमतेम ४ ग्रॅम. चिमूटभर! तेवढीच आणखी एक चिमूट पडली की पीएच १० च्या आसपास.

नवीन माणूस इथेच चुकतो. पहिले तीन किलो घातले तरी मीटर जागचा हलत नाही, तो कंटाळतो, हात सैल सोडतो, आणि आकडा एकदम ११ वर उडी मारतो. मग परत ॲसिड घाला, परत कॉस्टिक घाला, असा झोपाळा सुरू होतो. दर हेलकाव्याला पाण्यात मीठ वाढत जातं ते वेगळंच.

दुसरी पळवाट म्हणजे पाणी ओतून पातळ करणं. पीएच १ चं एक लिटर ॲसिड नुसत्या पाण्याने ६ वर आणायचं तर लाखभर लिटर पाणी लागेल. आणि एवढं करूनही धातूचा एक कणसुद्धा कमी झालेला नसतो. तो फक्त पसरलेला असतो. म्हणूनच नियमांमध्ये पातळ करण्याला प्रक्रिया मानत नाहीत.

खिशातली रोकड आणि बँकेतली ठेव

आता सकाळच्या कोड्याकडे येऊ. वरचा ४ किलोचा हिशोब निव्वळ ॲसिडचा होता. खऱ्या टाकीत तसं कधीच नसतं. पीएच मीटर खिशातली रोकड मोजतो, पासबुक उघडून बघत नाही. या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन म्हणजे रोकड. पण कॉस्टिक घातल्यावर जे हळूहळू बाहेर येतं, ते ठेवीत असतं. ठेवी दोन प्रकारच्या.

पहिली सौम्य आम्लांची. सायट्रिक ॲसिडच्या १० टक्के द्रावणाचा पीएच १.७ च्या आसपास असतो. तेवढ्याच पीएचच्या हायड्रोक्लोरिकला लिटरमागे १ ग्रॅमसुद्धा कॉस्टिक लागत नाही. सायट्रिकला मात्र ६० ग्रॅमच्या वर लागतं, जवळजवळ ८० पट! मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. 'सायट्रिक म्हणजे गरीब ॲसिड' असं समजून अर्धी बादली कॉस्टिक तयार ठेवणाऱ्याची इथे पंचाईत होते.

दुसरी ठेव धातूची, आणि ती मोठी. विरघळलेल्या लोखंडाचा प्रत्येक अणू गाळ होऊन खाली बसताना दोन हायड्रॉक्साइड गिळतो. समजा, १,००० लिटर जुन्या हायड्रोक्लोरिकमध्ये मोकळं ॲसिड लिटरला ४० ग्रॅम आहे आणि लोखंड १०० ग्रॅम. मोकळ्या ॲसिडला कॉस्टिक लागतं सुमारे ४४ किलो. लोखंडाला लागतं सुमारे १४३ किलो. म्हणजे खरा खर्च ॲसिडचा नसून लोखंडाचा आहे, तिपटीहून जास्त. फक्त ॲसिडचा हिशोब करून साहित्य मागवलं, तर पाव काम झालं की गोणी संपते.

ॲसिडमध्ये विरघळलेलं लोखंड बहुतेक फेरस रूपात असतं, म्हणून पाणी हिरवट दिसतं. फेरस नीट खाली बसवायचं तर पीएच साडेआठ-नऊपर्यंत न्यावा लागतो. सातवर थांबलात तर त्यातलं बरंच पाण्यातच राहतं. रात्रभर हवा लागते, फेरसचं फेरिक होतं, पाणी तांबूस पडतं, आणि फेरिक हायड्रॉक्साइडचा गाळ बनताना हायड्रोजन आयन सुटतात. हेच ते न ओतलेलं ॲसिड. आकडा साधारण ५ च्या आसपास रेंगाळतो, कारण तिथे ही क्रिया फार मंद होते. संध्याकाळी वहीत लिहिलेला ७ खोटा नव्हता, पण टाकीची गोष्ट त्यात जेमतेम निम्मी आली होती.

म्हणून हिशोब कागदावर सोडून देऊ नये. एक बीकर घ्यावा.

टाकी चांगली ढवळून मगच नमुना काढायचा, कारण तळाचं आणि वरचं पाणी सारखं नसतं. बीकरमध्ये १०० मिलिलिटर घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात १० टक्के कॉस्टिकचं द्रावण. ब्युरेट असेल तर उत्तम, नसेल तर खुणा असलेली सिरिंज चालते. पाच-पाच मिलिलिटर घालत जायचं, ढवळायचं, आकडा स्थिर झाला की टिपायचा. सुरुवातीला बीकर कोमट होतो, आकडा ढिम्म असतो. मग जिथे थेंब पडतो तिथे मळकट हिरवे ढग उठतात आणि ढवळताच नाहीसे होतात. थोड्या वेळाने ते नाहीसे व्हायचे थांबतात. आता लोखंड बाहेर पडू लागलं. इथे मीटर पुन्हा एका जागी अडकतो आणि बरंच कॉस्टिक पिऊन टाकतो. शेवटी बीकरभर गडद हिरवा, जवळजवळ काळपट चिखल होतो आणि आकडा झपाट्याने चढतो. जितके मिलिलिटर लागले, त्यांना टाकीच्या लिटरांनी गुणून १०० ने भागलं की टाकीला हेच द्रावण किती लिटर लागेल, ती खरी गरज कळते. वर उरलेली निवळी बाजूला काढून झाकण न लावता रात्रभर ठेवायची. सकाळी ती स्वच्छ राहिली आणि पीएच टिकला, तर टाकीही बहुतेक टिकेल. माझ्या मते अर्ध्या तासाचं हे काम महागड्या ऑटोमॅटिक डोझिंगपेक्षा जास्त भरवशाचं आहे. किमान ज्यांच्याकडे महिन्यात एखाद-दोनच टाक्या रिकाम्या होतात, त्यांच्यासाठी तरी नक्की.

कॉस्टिक की चुना?

कॉस्टिक सोडा पटकन विरघळतो, पंपाने नेमका सोडता येतो, गाळ कमी देतो. पण महाग पडतो, आणि हात सुटून जास्त पडला की पीएच १२-१३ कडे धावतो. चुना, म्हणजे इथे विझवलेला चुना पाण्यात कालवून केलेली दुधट स्लरी, स्वस्त आणि दांडगा. किलोला किलो लावला तर शुद्ध चुना कॉस्टिकपेक्षा थोडं जास्तच ॲसिड मारतो. त्रास असा की तो हळूहळू विरघळतो. आता घातलेल्या चुन्याचा परिणाम पंधरा-वीस मिनिटांनी दिसतो. शिवाय पाइपमध्ये थर धरतो आणि गाळाचे डोंगर करतो. सल्फ्युरिकबरोबर तर त्याचं जिप्सम बनतं. जिप्सम पाण्यात लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, बाकीचं सगळं खाली बसतं किंवा पंपाच्या पात्यांवर चढतं.

चुना ज्या दगडापासून बनतो त्याचीच थेट फोडलेली खडी, म्हणजे चुनखडी, टाकून काम भागेल असं अनेकांना वाटतं. हायड्रोक्लोरिकवर ती चालते. सल्फ्युरिकमध्ये खड्यांवर जिप्समचं कवच चढतं आणि आतली चुनखडी जशीच्या तशी राहते. खडी संपलेली नसते, तरी पाणी तसंच आम्लधर्मी पुढे जातं.

सोडा ॲश आणि खाण्याचा सोडा सौम्य आहेत, हाताळायला सोपे. जमिनीवर सांडलेल्या ॲसिडवर टाकायला मला सोडा ॲशच बरी वाटते. मोठ्या टाकीत मात्र फेसाला तयार राहा. एक किलो खाण्याच्या सोड्यातून सुमारे २९० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर फेस सरळ जमिनीवर येतो. आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, तळघरात साचून राहतो, तिथे उतरलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची फारशी ओळख नसते. ते मंद आहे, पण त्याचा मोठा गुण असा की जास्त पडलं तरी पीएच साधारण १० च्या पुढे सहसा जात नाही. हात सैल असलेल्या माणसासाठी चांगली सोय.

अजून एक मार्ग कारखान्यातच असतो. मालाचं तेल काढायला वापरलेलं अल्कलाइन द्रावणही कधीतरी टाकाऊ होतंच. एका टाकाऊने दुसरं मारता आलं तर विकत घ्यायचं रसायन वाचतं. कल्पना चांगली आहे, फक्त आधी बीकरमध्ये करून बघा. त्या द्रावणात सिलिकेट असलं तर मिश्रण जेलीसारखं थिजतं आणि तेल वर तरंगतं. आणि प्लेटिंगच्या ठिकाणी हा प्रयोग करण्यापूर्वी ते पाणी सायनाइडच्या टाक्यांकडून तर येत नाही ना, हे खात्रीने माहीत असलं पाहिजे. सायनाइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही. ब्लीचवर ॲसिड पडलं तर क्लोरीन, सल्फाइडवर पडलं तर हायड्रोजन सल्फाइड. उलट दिशेनेही धोका आहे. अमोनियम क्षार असलेल्या द्रावणात कॉस्टिक घातलं की अमोनिया सुटतो, आणि ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या भांड्यात कॉस्टिक ओतलं तर हायड्रोजन. 'सगळं एकाच खड्ड्यात जाऊ दे, तिथे आपोआप न्यूट्रल होईल' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

उष्णता

ॲसिड आणि अल्कली भेटले की उष्णता निघते, दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल. कॉस्टिकचे सुके फ्लेक्स असतील तर ते विरघळतानाची उष्णता त्यात वेगळी, दर मोलला आणखी ४४ च्या आसपास. वरच्या जुन्या हायड्रोक्लोरिकच्या उदाहरणातलं सगळं कॉस्टिक, म्हणजे सुमारे १८७ किलो, सुकंच एकदम ओतलं, तर कागदावर पाण्याचं तापमान ६० अंशांहून जास्त वाढतं. ३० अंशांचं पाणी उकळीच्या दारात जाऊन उभं राहतं.

कामाला नवीन असताना हे मी डोळ्यांनी पाहिलं. घाई होती, फ्लेक्सची अख्खी गोणी टाकीत रिकामी केली गेली. वर काहीच घडलं नाही, म्हणून आणखी एक. फ्लेक्स तळाला जाऊन ढीग करून बसले होते, वर ॲसिड शांत. मग कुणीतरी ढवळणीचा स्विच दाबला. एक दबका आवाज आला आणि वाफेबरोबर तपकिरी पाणी टाकीच्या काठावरून पुरुषभर उंच उडालं. माणसं तीन पावलं दूर होती म्हणून निभावलं. चूक गोणी ओतण्यात होती, पण त्याहून मोठी चूक ढवळणी बंद ठेवून ओतण्यात होती.

म्हणून क्रम असा: टाकी दोन तृतीयांशच भरायची, ढवळणी आधी सुरू करायची, कॉस्टिक आधीच वेगळ्या टाकीत १०-२० टक्क्यांचं करून थंड होऊ द्यायचं, मग ते बारीक धारेने सोडायचं, आणि थर्मामीटर ५० च्या पुढे सरकायला लागला की थांबायचं. पीव्हीसीचे पाइप ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, तेव्हा थांबणं माणसाइतकंच पाइपासाठीही आहे. ॲसिड पातळ करायचं असेल तर पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. गॉगल आणि चेहऱ्यावरची काच दोन्ही हवेत, कारण डोळ्यात गेलेलं कॉस्टिक ॲसिडहून वाईट असतं, खोल शिरत जातं. डोळा किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचा, आणि ते पाणी कुठे आहे हे आधी माहीत हवं. डोळे मिटलेले असताना नळ सापडत नाही.

प्रत्येक धातूची आपली जागा

एकाच पीएचला सगळे धातू खाली बसले असते तर हा विषय दोन पानांत संपला असता. फेरिक लोखंड तीनच्या पुढेच बाहेर पडू लागतं. ॲल्युमिनियम सहा-सातला छान बसतं, पण नऊच्या पुढे पुन्हा विरघळायला लागतं. क्रोमियम साडेसात ते साडेआठ, तांबं साडेआठ-नऊ, जस्त नऊ ते दहा, निकेल दहाच्या वर. जस्त आणि क्रोमियमही पीएच फार चढवला तर पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणजे 'जास्त कॉस्टिक घातलं तर जास्त गाळ' हे खरं नाही. निकेल आणि क्रोमियम एकत्र असतील तर एका टाकीत दोघांनाही खूश करता येत नाही. मधला आकडा धरायचा किंवा दोन टप्प्यांत काम करायचं.

षट्संयोजी क्रोमियमची तर तऱ्हाच वेगळी. पिवळं-नारिंगी पाणी दिसलं की सावध व्हावं. हे रूप विषारी आहे, कर्करोगाला कारणीभूत ठरतं, आणि पीएच कितीही चढवला तरी हायड्रॉक्साइडचा गाळ देत नाही. आधी पीएच २ ते ३ वरच ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, पाणी नारिंगीचं हिरवं झालं की ते त्रिसंयोजी झालं, मग पीएच साडेआठपर्यंत चढवायचा. क्रम उलटा झाला तर मीटर सुंदर आकडा दाखवतो आणि विष जसंच्या तसं पुढे जातं.

सायट्रिक ॲसिड आणि ईडीटीए यांचीही खोड अशीच. त्यांनी धातूला घट्ट धरून ठेवलेलं असतं, स्वच्छतेसाठी त्यांचा उपयोगच त्यासाठी होतो. पीएच नऊ झाला तरी ते सोडत नाहीत. पाणी नितळ दिसतं आणि तपासणीत तांबं-निकेल भरपूर निघतं. अशा पाण्याला सल्फाइडसारखं जास्त ताकदीचं रसायन लागतं. खरं तर हे पाणी सुरुवातीपासूनच वेगळ्या टाकीत धरलेलं बरं.

आणि हायड्रोफ्लोरिक. याच्यासाठी चुनाच लागतो, कॉस्टिकचा उपयोग नाही. कॉस्टिकने पीएच ७ होतो, पण सोडियम फ्लोराइड पाण्यात विरघळलेलंच राहतं. चुन्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला पकडून खाली बसवतं. तरीही लिटरला १०-२० मिलिग्रॅम फ्लोराइड मागे राहतंच, त्याच्या खाली जायचं तर आणखी एक टप्पा हवा. हे ॲसिड अंगावर पडलं तर कधी कधी लगेच दुखत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. ते हाताळलं जातं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असावं, कपाटात कुलपात नको. त्याच मिश्रणातल्या नायट्रिकचं नायट्रेट मात्र कुठल्याच अल्कलीने खाली बसत नाही, ते पाण्याबरोबर जातं.

मग हाती काय उरतं?

गाळ आणि मीठ. लोखंड असलेलं पाणी पीएच नऊकडे नेऊन त्यात हवा सोडली की हिरवा गाळ तांबूस होतो आणि जास्त चांगला बसतो. मग अगदी थोडं पॉलिइलेक्ट्रोलाइट घातलं की बारीक कण एकमेकांना धरून मोठे होतात. इथे ढवळणीचा वेग कमी करायचा, नाहीतर जमलेल्या गुठळ्या पुन्हा फुटतात. निवळी वर येते, खालचा साका फिल्टर प्रेसमध्ये जातो. प्रेसमधून निघालेल्या वडीतही साधारण दोन तृतीयांश पाणीच असतं. वरच्या १,००० लिटरच्या टाकीतून त्यामुळे अर्ध्या टनाहून जास्त ओली वडी निघू शकते. द्रव गेला आणि घन आला, एवढंच. या वडीवर आम्लधर्मी पाणी पडलं तर धातू पुन्हा विरघळतो. म्हणून ती उघड्यावर ठेवायची नसते, आणि विल्हेवाट लावण्याआधी तिच्यातून काय झिरपतं हे प्रयोगशाळेत तपासतात.

मिठाचं तर कुणी नावच काढत नाही. त्याच टाकीत कॉस्टिक वापरलं तर मूळच्या दर लिटरमागे सुमारे २७० ग्रॅम साधं मीठ तयार होतं. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून लिटरला साधारण ३५ ग्रॅम असतात. पीएच बरोबर, लोखंड नाही, आणि तरी हे पाणी झाडाला घातलं तर झाड मरेल.

हा हिशोब बघितला की माझं मत असं पडतं: मालाच्या धुण्याचं पातळ पाणी कारखान्यातच न्यूट्रलाइज करावं, पण टाकीतलं दाट जुनं ॲसिड शक्य असेल तिथे परत मिळवायला पाठवावं. हायड्रोक्लोरिकच्या जुन्या द्रावणाचा भट्टीत फवारा मारून ॲसिड परत मिळवतात आणि सोबत लोखंडाचा ऑक्साइड निघतो, जो फेराइट चुंबकांना चालतो. सल्फ्युरिकचं द्रावण थंड केलं की फेरस सल्फेटचे हिरवे खडे पडतात, ते मैलापाण्याच्या प्रक्रियेत वापरता येतात. ज्यांना एवढं जमत नाही, त्यांनी निदान माल टाकीवर अर्धा मिनिट जास्त निथळू द्यावा. जे ॲसिड मालाबरोबर पुढच्या टाकीत जातच नाही, त्याला मारायला काहीच लागत नाही.

राहिला मीटर. इलेक्ट्रोडच्या टोकाचा काचेचा फुगा हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक अवयव. त्यावर लोखंडाचा तांबूस किंवा जिप्समचा पांढरा थर चढला की तो आळशी होतो, पाणी बदललं तरी जुनाच आकडा धरून बसतो. सौम्य ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवला की थर उतरतो. फ्लोराइड असलेल्या आम्लधर्मी पाण्यात मात्र तो झिजून जातो, तिथे वेगळा इलेक्ट्रोड लागतो. ४, ७ आणि १० च्या बफरमध्ये तो नियमित तपासायचा, आणि ठेवताना कोरडा नाही, डिस्टिल्ड पाण्यातही नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. शंका आली की खिशातली पीएच पट्टी काढायची, तिचा आकडा ढोबळ असतो, पण ती बिघडलेल्या मीटरला उघडं पाडते. आणि वहीत संध्याकाळच्या नोंदीशेजारी एक रकाना रिकामा सोडायचा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यासाठी. तो भरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही.